शेतवाट्याची बुट्टी: आधी काय संपवायचं, काय ठेवायचं आणि कुठं

बेळगावच्या आसपासच्या गावांतलं माळवं, म्हणजे भाजीपाला, पहाटे शहरात येतं आणि त्यातलं बरंचसं घाट उतरून गोव्याला जातं. मधल्या साखळीत शेतकऱ्याच्या हाती काय उरतं हे आपण सगळे जाणतो. त्यावर एक साधा उपाय म्हणजे शेतवाटा. हंगाम सुरू व्हायच्या आधी दहा-पंधरा घरं मिळून एका शेतकऱ्याला ठरलेले पैसे देतात. तो पेरतो, पिकवतो आणि आठवड्याला जे निघेल त्याचे वाटे करून बुट्टीत, म्हणजे टोपलीत, घरोघरी पोचवतो. बाजारात कोबीचा भाव पडला तरी त्याचे पैसे बुडत नाहीत. पावसानं मेथी झोडपली तर त्या आठवड्यात मेथी येत नाही, आणि वाटेकऱ्यांनीही ते मान्य केलेलं असतं. जपानमध्ये १९७० च्या दशकात 'तेकेई' या नावानं ही पद्धत रुजली, अमेरिकेत १९८६ साली तिची सुरुवात झाली. आपल्याकडं पिकातला वाटा देण्या-घेण्याचा व्यवहार बलुत्याच्या काळापासून ओळखीचा आहे. पैसे आधी द्यायचे, एवढंच काय ते नवं.

अडचण सुरू होते ती बुट्टी दारात आल्यावर. बाजारात आपण निवडतो, इथं शेत निवडतं. एका आठवड्यात मेथीच्या चार पेंड्या, तीन नवलकोल, दोन किलो वांगी आणि भोपळ्याची भलीमोठी फोड, असं काहीही येऊ शकतं. पुष्कळ घरं हौसेनं वाटा घेतात आणि निम्मं माळवं कुजलेलं बघून पुढच्या हंगामाला नको म्हणतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येतं. 'आज काय करू' हा प्रश्न जरा मागं ठेवावा. आधी बघावं, यातली कुठली भाजी किती दिवस थांबेल. त्यासाठी भाज्यांची यादी पाठ करावी लागत नाही. ती भाजी झाडाचा कुठला भाग आहे आणि आपल्या गावची हवा कशी आहे, एवढं कळलं की पुरतं.

तोडलेली भाजीही श्वास घेते

झाडावरून तोडली तरी भाजी जिवंतच असते. साठवलेली साखर जाळत ती श्वास घेत राहते, त्यातून उष्णता आणि ओलावा बाहेर पडतो. मुळाकडून मिळणारं पाणी आणि पानांकडून मिळणारं अन्न मात्र बंद झालेलं असतं. म्हणजे शिल्लक शिदोरीवर दिवस काढणं चालू असतं. शिदोरी जितक्या वेगानं संपेल तितक्या लवकर भाजी मलूल होते. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो.

आता झाडाचा भाग बघा. कोवळी पानं, कळ्या, कोवळ्या शेंगा, दाणे हे सगळे वाढीच्या घाईतले भाग, त्यांचा श्वास जोरात चालतो. मेथी, कोथिंबीर, मटार, मक्याचं कणीस, भेंडी, पावसाळ्यातली अळंबी ही सगळी या गटातली. याउलट कंद आणि मुळं झाडानं पुढच्या हंगामासाठी राखून ठेवलेली असतात. बटाटा, रताळं, कांदा, लसूण यांचा स्वभावच थांबायचा. पूर्ण पिकून साल कडक झालेला तांबडा भोपळाही तसाच. कोबी, गाजर, बीट, नवलकोल मधले: फ्रीजमध्ये आठवडा-दोन आठवडे सहज जातात, बाहेर मात्र तेवढा धीर धरत नाहीत.

मटार आणि मका यांची आणखी एक गोष्ट आहे. तोडल्या क्षणापासून त्यांच्यातल्या साखरेचं पिठात, म्हणजे स्टार्चमध्ये, रूपांतर व्हायला लागतं. शेतात खाल्लेल्या शेंगेची गोडी घरी दोन दिवसांनी लागत नाही, त्याचं कारण हे. मटार आला त्याच दिवशी सोलावा. जास्त असला तर दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं घालून लगेच गार पाण्यात टाकावेत, निथळून, पुसून फ्रीजरमध्ये ठेवावेत. उकळत्या पाण्याची ही पायरी चुकवू नये. दाण्यातली विकरं, म्हणजे हे बदल घडवून आणणारी रसायनं, उष्णतेनं निकामी होतात. ती तशीच राहिली तर गोठलेल्या दाण्यातही हळूहळू काम करत राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांत दाण्याला गवतासारखी चव येते.

बुट्टी दुपारी आली असेल तर तिच्यात शेताची ऊब असते. ती तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून फ्रीजमध्ये टाकली की आत घाम धरतो, आणि कुजायला घाम पुरेसा असतो. आधी जमिनीवर गोणपाट किंवा जुनं धोतर अंथरून माळवं पसरावं, तासभर वारं लागू द्यावं, मग वेगवेगळं करावं. पालेभाजीच्या पेंड्या सोडाव्यात. सड नेहमी बांधलेल्या जागेपासून सुरू होते.

फ्रीज म्हणजे सगळ्यांचं घर नव्हे

घरचा फ्रीज चालतो ४ अंशांच्या आसपास. कोबी, फ्लॉवर, गाजर, बीट, मुळा, मेथी, पालक यांना हा गारवा मानवतो. पण वांगी, काकडी, भेंडी, बीन्स, ढब्बू मिरची, टोमॅटो या मूळच्या उष्ण मुलखातल्या भाज्या. त्यांना ७ ते १३ अंशांच्या खालचा गारवा सोसत नाही. वांग्याच्या आत बिया काळ्या पडतात, काकडीवर पाणचट खड्डे दिसतात, टोमॅटोची चव जाते आणि गर पिठूळ होतो. फ्रीजमधून काढल्यावर ही भाजी एकदम सडते, आणि माणसाला वाटतं की शेतातूनच खराब आली. वांगी-टोमॅटो स्वयंपाकघरात सावलीला, परडीत ठेवून तीन-चार दिवसांत संपवावेत. भेंडी, बीन्स, काकडी कागदात गुंडाळून फ्रीजच्या दारात, म्हणजे त्यातल्या त्यात कमी गार जागी ठेवाव्यात.

गाजर, बीट, मुळा, नवलकोल यांचा पाला घरी आल्याबरोबर कापून वेगळा करावा. पाला जिवंत असतो, तो कंदातलं पाणी ओढत राहतो आणि दोन दिवसांत गाजर रबरासारखं होतं. कापलेला पाला टाकू नये. मुळ्याच्या पाल्याची भाजी सगळे करतातच, नवलकोल आणि बीटच्या पाल्याचं हरभऱ्याची डाळ घालून गरगटं झकास होतं. मऊ पडलेलं गाजर फेकायच्या आधी तासभर गार पाण्यात ठेवून बघा. त्याच्या पेशींनी पाणी गमावलेलं असतं, ते परत घेतात.

पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवली की चार-पाच दिवस जाते. धुवायचीच असेल तर पाणी पूर्ण निथळून, पंख्याखाली वाळवून मगच. कोथिंबिरीच्या मुळ्या असतील तर पेंडी पेल्यातल्या पाण्यात उभी करून वरून पिशवी सैल घालावी. कोबी अख्खा असताना वरची जाड पानं काढू नयेत, ती त्याचं पांघरूण असतात.

रताळी, बटाटे, कांदे

या भागात वाटा घ्यायचा तर रताळी येणारच. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांच्या लाल मातीत पावसाळ्याच्या सुरुवातीला वेल लावतात, आणि नवरात्रापासून पुढं काढणी चालू राहते. उपवासाच्या दिवसांत इथली रताळी दूरदूरच्या बाजारांत जातात. एवढं असूनही घराघरांत रताळ्याला चुकीची वागणूक मिळते. ते धुतात आणि फ्रीजमध्ये ठेवतात, आणि दोन्ही गोष्टी त्याला बाधतात.

काढताना कुदळीनं, नांगरानं रताळ्याच्या सालीला जखमा होतात. उबदार आणि दमट हवेत, साधारण ३० अंशांत, चार ते सात दिवस ठेवलं की त्या जखमांवर नवी साल धरते आणि मग बुरशीला आत शिरायला वाट राहत नाही. काढणीच्या सुमाराला ऑक्टोबरची ऊब आणि जमिनीतला ओलावा दोन्ही असतात. शेतकरी ढीग घालून वर वेल किंवा पोती टाकतो तेव्हा नेमकं हेच घडत असतं. बुट्टीत आलेल्या रताळ्यांची माती फक्त हातानं झाडावी, कापलेली-टोचलेली वेगळी करून आधी खावीत, बाकीची बांबूच्या बुट्टीत, अंधाऱ्या आणि हवेशीर कोपऱ्यात ठेवावीत. त्यांना १३ ते १५ अंश सर्वांत चांगले. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात रात्रीचा पारा १५ च्या आसपास उतरतो, त्यामुळं तेव्हा आपलं माजघरच त्यांच्यासाठी योग्य कोठार असतं. फ्रीजमध्ये ठेवलेल्या रताळ्याचा गाभा कडक होतो, कितीही शिजवा, मऊ होत नाही.

काढल्यावर दोन-तीन आठवडे थांबलेलं रताळं ताज्यापेक्षा गोड लागतं, कारण आतल्या पिठाची हळूहळू साखर होते. शिजतानाही तेच घडतं. साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान रताळ्यातलं विकर पिठाचं साखरेत रूपांतर करतं, म्हणून जितकं सावकाश तापेल तितकं गोड. चुलीच्या आरात भाजलेलं रताळं कुकरमधल्यापेक्षा सरस लागतं ते यामुळं. चूल नसेल तर जाड बुडाच्या भांड्यात झाकण ठेवून, मंद आचेवर, पाणी न घालता भाजावं.

बटाट्याला अंधार हवा. उजेडात त्याची साल हिरवी होते आणि त्याबरोबर सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. थोडासा हिरवा भाग असेल तर जाड कापून काढावा. बराच हिरवा किंवा कडू लागणारा बटाटा खाऊ नये, शिजवून ते विष जात नाही. फ्रीजमध्ये बटाट्यातलं पीठ साखरेत बदलतं, मग तळताना तो काळपट होतो.

कांद्याबाबतीत हंगाम फार महत्त्वाचा. पावसाळी कांद्यात पाणी जास्त, मान जाड, तो महिनाभराच्या आत संपवावा. उन्हाळ्यात निघणारा रब्बीचा कांदा पात सुकवून, मान पूर्ण वाळवून, जाळीच्या पिशवीत टांगला तर चार-पाच महिने राहतो. कांदा आणि बटाटा एका टोपलीत ठेवू नका. बटाट्यातून निघणाऱ्या ओलाव्यानं कांद्याला कोंब फुटतात आणि बुरशी धरते.

पिकवणारा वायू

पिकणारी काही फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात. केळी, आंबा, पपई, चिकू, सीताफळ, टोमॅटो ही त्यातली ठळक. या वायूनं शेजारचं फळही पिकतं. आंब्याची अढी भाताच्या पिंजरात लावतात तेव्हा ऊब आणि हा वायू दोन्ही कोंडून राहतात. वायूची ही करामत आंब्याला हवी असते, मेथीला नको असते. केळ्यांच्या फणीशेजारी ठेवलेली पालेभाजी लवकर पिवळी पडते, काकडी मऊ होते, गाजर कडवट होतं. फळांची परडी आणि भाज्यांची परडी स्वयंपाकघराच्या वेगळ्या टोकांना ठेवली की हे सगळं टळतं. घाई करणारे व्यापारी अढीच्या जागी कार्बाइड वापरतात. त्याला देशात बंदी आहे. वाट्यात आलेला आंबा कच्चा असला तरी त्याची चिंता नको.

एका जिल्ह्यात दोन हवा

साठवणीचे सल्ले वाचताना मला नेहमी हे खटकतं की ते कुठल्या गावासाठी लिहिलेत ते सांगत नाहीत. आपला जिल्हा तर एका टोकाला कणकुंबीच्या धुवांधार पावसात उभा आहे आणि दुसऱ्या टोकाला अथणी-रायबागच्या पर्जन्यछायेत. खानापूरला जे चालतं ते अथणीत चालेलच असं नाही.

बिनविजेच्या शीतकक्षाचं उदाहरण घ्या. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं तो १९८० च्या दशकात विकसित केला. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत नदीची वाळू, आणि वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. पाण्याची वाफ होताना ती उष्णता ओढून घेते, आतली जागा गार आणि दमट राहते. कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी भरतं. चिकोडी, अथणी, रायबागकडच्या वाटेकऱ्यांनी अंगणात सामाईक एक बांधला तर मार्च ते मे टोमॅटो, वांगी, काकडी यांची मोठी सोय होईल. फ्रीजपेक्षा या भाज्यांना ती जागा जास्त मानवते. पण जुलैच्या खानापुरात, हवाच पाण्यानं भरलेली असताना, वाफ होणार कुठून? तिथं या कक्षाचा उपयोग नाही. तिथं पावसाळ्यात ओलाव्यापासून वाचवणं हेच काम: परड्या जमिनीपासून वर, भिंतीपासून हातभर दूर, आणि लसणाच्या माळा चुलीच्या वरच्या बाजूला, जिथं ऊब आणि धूर दोन्ही पोचतात.

वाळवण, मीठ आणि सावधगिरी

फेब्रुवारी ते मे हे आपल्याकडं वाळवणाचे महिने. संकेश्वरी मिरची, कोहळ्याचे सांडगे, ताकातली सांडगी मिरची, खानापूरकडं आमसुलं आणि फणसाचे पापड. या सगळ्यामागचं तत्त्व एकच: पाणी इतकं कमी करायचं की जंतूंना आणि बुरशीला वाढता येऊ नये. भाजी चकत्या करून वाळवावी, हातात कडकडून मोडेल इतकी. बरणीत भरल्यावर आठवडाभर रोज हलवून बघावी. काचेला आतून दव दिसलं तर परत उन्हात घालावी. मेथी मात्र उन्हात वाळवू नका, सावलीत वाळवली की रंग आणि वास टिकतो.

लोणच्यात तेल टिकवतं असं बरेचजण समजतात. टिकवतात मीठ आणि आंबटपणा. तेलाचा थर फक्त हवा अडवतो, त्यामुळं बुरशी धरत नाही. कैरी, लिंबू मुळातच आंबट, तिथं काळजी कमी. गाजर, फ्लॉवर, मटार यांत आंबटपणा नसतो, म्हणून त्यांच्या लोणच्यात लिंबाचा रस भरपूर हवा, आणि ते फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवावं. नुसत्या तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर ठेवू नये. हवा नाही, आंबटपणा नाही, अशा ठिकाणी बोट्युलिझमचे जंतू वाढतात, त्यांच्या विषाला वास किंवा चव नसते, आणि ते जीवघेणं ठरू शकतं.

दुसरी सावधगिरी भुईमुगाच्या शेंगांची. वाट्यात ओल्या शेंगा आल्या तर उकडून खाव्यात किंवा लगेच उन्हात पसराव्यात. ओलसर शेंगांवर धरणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृताला घातक असतं आणि भाजून नाहीसं होत नाही. बुरसटलेला, कडू दाणा चटणीत घालू नका, एकही.

आठवड्याचं गणित

बुट्टी शनिवारी आली असं धरू. शनिवार-रविवार मटार, कणसं, अळंबी, कोथिंबीर आणि सगळ्यात कोवळी पालेभाजी संपवावी. पालेभाज्या फार झाल्या तर वेगवेगळ्या करत बसू नये. मेथी, पोकळा, चाकवत, कांदापात एकत्र करून त्याचं गरगटं घोटावं, भाकरीबरोबर घरातल्या सगळ्यांचा एक वेळचा प्रश्न सुटतो. सोमवार ते बुधवार वांगी, भेंडी, बीन्स, दोडका. दोडक्याच्या शिरा तीळ-मिरचीबरोबर परतून चटणी. गुरुवारनंतर फ्लॉवर, कोबीची पचडी, गाजर-बीटची कोशिंबीर. भोपळा, रताळी, बटाटे या आठवड्याच्या हिशेबात धरूच नयेत, ते मागं राहून अडीनडीला येतात.

थंडीत, भाताच्या शिवारात मसूर आणि हरभरा उभा असताना, वाटा सगळ्यात भरगच्च असतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला आपण पावटा, ओला हरभरा, वांगी, गाजर, घेवडा, शेंगदाणे, तीळ एका भांड्यात घालतो आणि बाजरीच्या भाकरीवर तीळ लावतो. शेतात त्या आठवड्यात जे जे निघतं ते थोडं थोडं घेऊन केलेली ही भाजी आहे. वाटेकऱ्यानं ही पद्धत भोगीपुरती ठेवू नये. ज्या आठवड्यात प्रत्येक भाजी थोडी थोडीच उरते, त्या आठवड्यात याच रीतीनं मिसळीची भाजी करावी, मसाला तोच.

तरीही उरलं तर शेजारी द्यावं. शेतवाट्यात हे मोकळेपणानं चालतं: एकाला नवलकोल आवडत नाही, दुसऱ्याला कारलं. वाटे पोचवायच्या जागी एक रिकामी बुट्टी ठेवून द्यावी, नको ते तिच्यात टाकावं, हवं ते उचलावं.

पेरणीआधीची बोलणी

घरातली साठवण खरं तर शेतात, पेरणीच्या वेळी सुरू होते, आणि हे वाटेकरी क्वचित लक्षात घेतात. हंगाम संपताना शेतकऱ्याबरोबर बसावं. त्याच्या घरच्या मंडळींनाही बोलवावं, कारण तोडणी आणि पेंड्या बांधणं बहुतेक घरांत बायकाच करतात आणि कुठली भाजी किती टिकते हे त्यांना जास्त माहीत असतं. कोथिंबीर, मेथी एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांच्या फरकानं टाकता येईल का, हे विचारावं. भोपळा देठासकट तोडा म्हणून सांगावं, देठ मोडलेला भोपळा तिथूनच सडतो. तोडणी उन्हं चढायच्या आधी होईल आणि बुट्ट्या ओल्या गोणपाटाखाली येतील, एवढं ठरवून घ्यावं. आणि साठवणीचा रब्बीचा कांदा हवा असेल तर तो दिवाळीच्या आधीच सांगावा, कारण कांद्याचं रोप त्याच सुमाराला टाकतात.